मास्तरांचा एकच शब्द

आमच्या ह्यांचा आवाज कराड स्टँडवर सगळ्यांच्या ओळखीचा. कराड-चिपळूण गाडीवर कंडक्टर. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात. मास्तरांनी दारात उभं राहून ‘चला पाटण, कोयनानगर, चिपळूण’ अशी हाळी दिली की रसाच्या गाड्यापाशी उभा असलेला माणूस अर्धा ग्लास टाकून पळत यायचा. घरातही हळू बोलणं कधी जमलं नाही. फोनवर बोलायला लागले की मी म्हणायचे, फोन कशाला हवा, दारात उभं राहून बोला, ऐकू जाईल त्यांना.

गेल्या वर्षी श्रावणात त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. त्याच्यानंतरचं थोडं लिहून ठेवते. अंगणवाडीत पोषणाच्या नोंदी मोबाइलवर भरून भरून टायपिंगची सवय झालीच आहे, ती कुठंतरी कामी येऊ दे.

रात्री दहाला झोपले तेव्हा ठणठणीत होते. पहाटेची ड्युटी होती. गजर वाजतोय आणि कुणी बंद करत नाही, म्हणून मी बघायला गेले. उठून बसायचा प्रयत्न चालला होता आणि अंग उजवीकडं कलंडत होतं. तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघून काहीतरी म्हणाले, पण त्यातलं एक अक्षर कळेना. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागनं आल्या आणि मटकन खाली बसल्या. “अगं बया, ह्याच्या अंगावरनं वारं गेलं.”

पोरानं शेजारची गाडी काढली आणि आम्ही अर्ध्या तासात दवाखान्यात होतो. तरी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा: “शेवटचं व्यवस्थित कधी बघितलं होतं?” मी म्हटलं, रात्री दहाला. त्यांनी घड्याळाकडं बघितलं आणि काही बोलले नाहीत. नंतर समजावून सांगितलं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. झोपेत झटका आला तर नेमकी वेळ कुणालाच माहीत नसते, म्हणून तास मोजायचे ते माणूस शेवटचा धड दिसला तिथून. आमचे तास झोपेतच संपले होते. काही मोठ्या ठिकाणी एमआरआय बघून अशा पेशंटलाही ते इंजेक्शन देता येतं म्हणे, पण आम्ही होतो तिथं तशी सोय नव्हती. आणि आधी सीटी स्कॅन लागतोच, कारण मेंदूत गुठळी आहे का रक्तस्राव, हे बाहेरून कळत नाही. रक्तस्राव असताना ते इंजेक्शन दिलं तर जिवावर बेततं. म्हणून कुणाच्या घरी असं झालं तर गल्लीतल्या डॉक्टरकडं सलाइन लावत बसू नका, सरळ स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. एवढं एक लक्षात ठेवा, बाकी वाचलं नाहीत तरी चालेल.

बीपी होतं का, असंही विचारलं. होतं. गोळी चालू होती का? म्हणजे डबीत होती. महिनाभर घ्यायचे, बीपी नॉर्मल आलं की बंद करायचे. “आता नॉर्मल आहे की, गोळी कशाला?” हा त्यांचा हिशेब. तिकिटाचा हिशेब पैशाला पैसा जुळवणारा माणूस, पण गोळीमुळं बीपी नॉर्मल येतंय हा हिशेब काही त्यांच्या पचनी पडला नाही.

दुसऱ्या दिवशी मामा पिशवीत जिवंत पारवा घेऊन आले. लकव्याला पारव्याचं रक्त चोळतात, आमच्याकडं हे अजून सगळ्यांना पाठ आहे. मी म्हटलं, “मामा, गुठळी मेंदूत अडकलीय. पायाला रक्त चोळून ती कशी निघंल वो?” मामा रुसले. पारवा मात्र वाचला. भाच्यानं दवाखान्याच्या गच्चीवर जाऊन सोडून दिला.

पहिल्या दिवसांत मला सगळ्यात जास्त धास्ती पाण्याची होती. चालण्याचं नंतर बघू म्हणाले, पण गिळता येतंय का हे तपासल्याशिवाय तोंडात घोटभर पाणीसुद्धा घालायचं नाही. अन्ननळीऐवजी ते श्वासनळीत गेलं की न्यूमोनिया. नाकातून नळी घातली होती. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, ओठ सुकलेत, चमचाभर पाजू का. आमच्याकडं आजारी माणसाला पाणी नको म्हणणारी बाई म्हणजे कैदाशीणच. मी ते नाव घेतलं आणि खाटेजवळ खुर्ची टाकून बसले. नळी निघाल्यावरही पातळ पाणी नव्हतंच. पाणी घट्ट करायची पावडर मिळते, ती घालून चमच्या-चमच्यानं, ताठ बसवून, हनुवटी छातीकडं झुकवून पाजायचं. चहासुद्धा तसाच. कटिंगवर वाढलेल्या माणसाला लापशीसारखा चहा! पहिला चमचा घेतल्यावर त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्यावरून मला कळलं की आत माणूस जागेवर आहे.

हे कळायला मला चहा लागला, काहीजणांना अजून कळलेलं नाही.

झालं होतं ते असं. झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आला, म्हणून उजवा हात-पाय गेला. बहुतेकांची भाषाही डाव्याच बाजूला असते, म्हणून तीही गेली. डॉक्टरांच्या भाषेत वाचाघात. झटका येणाऱ्या साधारण तिघांतल्या एकाला होतो. ऐकू येतं, माणसं ओळखतात, राग कळतो, विनोद कळतो. फक्त आतला शब्द ओठांवर येत नाही. काहींना समोरच्याचं बोलणंही समजेनासं होतं. ह्यांना बहुतेक समजत होतं, फक्त लांबलचक वाक्य किंवा चारजण एकदम बोलले की गोंधळ उडायचा. बोलायला मात्र एकच शब्द उरला होता.

चला.

पाणी पाहिजे, चला. पाय दुखतोय, चला. टीव्ही बंद करा, चला. मी कोण, तर चला! आधी आम्हांला वाटलं घरी जायचंय म्हणतात. पोरगी बिचारी समजूत काढायची, “पप्पा, डॉक्टर सोडतील तेव्हा जाऊ.” त्यावर ते वैतागून हात आपटायचे आणि पुन्हा म्हणायचे, “चलाऽऽ!”

वाचा-उपचार करणाऱ्या बाई आल्या, त्यांनी उलगडून सांगितलं की असं बऱ्याचजणांचं होतं, एखादाच शब्द शिल्लक राहतो आणि सगळ्या गोष्टींसाठी तोच तोंडातून येतो. पोरीनं मग मोबाइलवर शोधून मला वाचून दाखवलं. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांकडं एक पेशंट होता, त्याला वर्षानुवर्षं ‘टॅन’ एवढंच म्हणता यायचं. दवाखान्यात त्याचं नावच टॅन पडलेलं. तो वारल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला आणि डावीकडचा पुढचा भाग खराब झालेला सापडला. मला त्या टॅनचं फार वाईट वाटलं. निदान ह्यांचा शब्द तरी कामाचा आहे, आयुष्यभर त्याच शब्दावर पोट भरलं.

हळूहळू आम्हांला चालीवरून अर्थ लागायला लागले. खालच्या सुरात ओढलेलं ‘चला’ म्हणजे पाठ दुखतेय, कूस बदला. तुटक ‘चला-चला’ म्हणजे आवरतं घ्या, पाहुण्यांना वाटेला लावा. सगळ्यात आधी हा अर्थ मला कळला, कारण माझ्याही मनात तेच असायचं.

पाहुण्यांचं म्हणाल तर माणसं मायेनं यायची, कुणी डबा, कुणी फळं, डेपोतल्या लोकांनी तर रात्रीच्या पाळ्या लावून घेतल्या. हे ऋण फिटायचं नाही. पण खाटेवरच्या माणसासमोर बसून मला विचारायचे, “मग, आता काय कळतं का त्यांना?” एका बाईंनी तर त्यांच्या उशाशी बसून त्यांच्या चुलतसासऱ्यांचं सांगितलं, असंच झालं होतं, चार महिने काढले आणि गेले. ह्यांनी ते शब्द न् शब्द ऐकलं. डोळ्यांतून पाणी. तर त्या म्हणतात, “बघा, रडतायत उगीचच.” आता खरं सांगायचं तर उगीच रडणंही ह्या आजारात असतं. हसता हसता रडू फुटतं, आवरत नाही, मनात काही नसलं तरी. पण ते उगीचचं नव्हतं.

तेव्हापासून मी नियमच केला. मला काही विचारायचं असेल तर स्वयंपाकघरात या. खोलीत बसायचं तर त्यांच्याशी बोला. हो-नाही असं उत्तर येईल असा प्रश्न विचारा, एका वेळी एकच, आणि विचारून झालं की गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो. आपल्याकडं लोकांना ते गप्प बसणंच जमत नाही. दोन क्षण शांतता झाली की म्हणतात, “जाऊ द्या, जाऊ द्या, त्रास नका घेऊ.” आणि मोठ्यानं बोलतात! कान चांगले आहेत हो, स्टँडवरच्या गोंगाटात तीस रुपयांऐवजी वीस म्हणालेलं ऐकू यायचं त्यांना.

वन्संनी बाजारातून चित्रांचं पुस्तक आणलं, आंबा, बदक, कमळ. तसली पुस्तकं माझ्या अंगणवाडीत कपाटभर आहेत. मी ते आल्या पावली ठेवून दिलं. लहान मुलाला बदक माहीत नसतं, म्हणून त्याला बदक दाखवायचं. ह्यांना बदक चांगलं माहीत आहे, बदकाचा शब्द तेवढा हरवलाय. पन्नाशीच्या माणसाला ‘ब बदकाचा’ करायला लावलं तर तो चिडणारच. वाचा-उपचाराच्या बाईंनाही हे पटलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या रोजच्या कामातलं काहीतरी काढा.

मग पोरीनं एके दिवशी सहज म्हटलं, “कराड…” आणि थांबली. ह्यांचा चेहरा बदलला. डावा हात दाराची दांडी धरल्यासारखा वर गेला, आणि आवाज आला, “विहे, मल्हारपेठ, नवारस्ता, पाटण, हेळवाक, कोयनानगर…” खणखणीत, एकही अक्षर न अडखळता. कुंभार्ली घाट उतरून पोफळी, आणि शेवटी चिपळूण. आत्याबाई पूजा टाकून धावत आल्या. पोरगी रडायला लागली. मी घाईनं विचारलं, “अहो, आपण आत्ता कुठं आहोत?”

त्यांनी तोंड उघडलं. ओठ जुळवले. कपाळावर घाम आला.

“चला,” म्हणाले.

बाईंना विचारलं तर त्या हसल्या. अशा पाठ झालेल्या गोष्टी, आकडे, वार, आरती, पाढे, मनात जुळवून बोलाव्या लागत नाहीत, त्या एका दमात बाहेर पडतात. गाण्याचंही तसंच, चालीचं काम बरंचसं मेंदूच्या उजव्या बाजूला चालतं. म्हणून बोलता न येणारी माणसं कधी कधी गातात. त्याला बरं झालं म्हणायचं नाही, पण ती पकडायला एक कड आहे. त्या कडेला धरूनच त्यांनी पुढचं शिकवलं. आधी कराडपासून पाटणपर्यंतची पाचही गावं म्हणायची, मग चौथ्यावर थांबायचं, मग फक्त ‘पाटण’. ‘पाटण’ सुटं म्हणायला ह्यांना दिवाळी उजाडली. पण मग ‘पाणी’ आलं, कारण सुरुवात तीच. बाईंची युक्ती की योगायोग मला माहीत नाही. आपल्याला काय, पाणी मागता आलं.

पहिल्या तीन-सहा महिन्यांत सुधारणा भराभर होते, पुढं वेग कमी होतो, हे सगळेच सांगतात. वेग कमी होतो म्हणजे थांबतं असं नाही, हे फार कमीजण सांगतात.

हे सगळं चालू असताना पैसे लागतच होते. पगाराचं खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर. बँकेत गेले तर खिडकीवरचा मुलगा म्हणाला, सही जुळली पाहिजे. सही उजव्या हाताची, तो हात मांडीवर पडलेला. अंगठा चालंल का? “ते मॅडम असं नसतं.” असतं. आजारी खातेदाराच्या अंगठ्याची निशाणी दोन साक्षीदारांसमोर घेता येते, त्यातला एक बँकेचाच जबाबदार माणूस लागतो, तसे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. ते मला आमच्या सुपरवायझर मॅडमनी सांगितलं, मी ते मॅनेजरसमोर म्हटलं आणि काम झालं. मॅनेजर स्वतः घरी आले, चहा घेतला. त्यांनी मात्र प्रश्न ह्यांनाच विचारले, “खात्यात मिसेसचं नाव घालायचं का?” ह्यांनी माझ्याकडं बघितलं, जरा मिजाशीत थांबले, आणि मान डोलावली. एवढं सगळं झालं तरी भाव खायचं सोडलं नाही. तुमच्या घरात एकेकट्याच्या नावावर खाती असतील तर धडधाकट आहात तोवर दुसरं नाव घालून घ्या.

नोकरीचंही कुणी कुणी सांगायला आले. एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, राजीनामा द्या, फंड मिळंल, मोकळे व्हा. मी देणार नव्हतेच, पण देत नाही म्हणायला आधार लागतो. तो पोरीनं काढला. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्याच्या कलम २० मध्ये लिहिलंय की सरकारी आस्थापनेतल्या नोकरीत असताना माणसाला अपंगत्व आलं तर त्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही टाकता येत नाही. जमेल अशा दुसऱ्या जागेवर त्याच पगारात घ्यायचं. तशी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याला जादा पदावर ठेवायचं. मी त्याची झेरॉक्स काढून अर्जाला जोडली. अपंगत्वाचा दाखलाही काढला. त्या रांगेत काठी, कुबड्या, व्हीलचेअर यांच्यात हे बसले होते. एका चालक मित्रानं मोबाइलवर डेपोतले व्हिडिओ लावून दिले होते, त्यात गुंग. मला वाटलं होतं दाखला हातात घेताना खचतील. त्यांनी तो उलटसुलट बघितला, टक्केवारीवर बोट ठेवलं आणि हसले. दिव्यांगांच्या सवलतीची तिकिटं आयुष्यभर ह्यांनीच फाडली. टक्के किती आणि सोबत्याला सवलत बसते का, हे कार्ड हातात घेऊन तपासणारे हेच.

माझं काय, तर मला ‘धीर धरा’ या दोन शब्दांचा अजून राग येतो. धीर कुठं ठेवायचा असतो, फडताळात? मला त्या दिवसांत धीराऐवजी कुणीतरी सकाळी साडेनऊ ते दीड घरी थांबणारं पाहिजे होतं, कारण अंगणवाडी सोडली तर मानधन बंद. ते आत्याबाईंनी केलं. सत्तरी उलटलेल्या बाईनं लेकाला कुशीवर वळवायला शिकून घेतलं. अधू हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निसटतो, हे नर्सनं एकदा दाखवलं ते त्यांनी पक्कं ध्यानात ठेवलं, आणि मदतीला येणाऱ्या पैलवान पुतण्यालाही त्या दटावतात, “दंडाला नगं धरूस, कमरंत धर!” आमचं सासू-सुनेचं एरवी फार गुळपीठ नव्हतं. अजूनही नाही. पण औषधाच्या वेळेवर आमचं एकमत असतं आणि भांडण मिठावरून होतं. बीपीवाल्याला कमी मीठ म्हणजे त्यांच्या मते अन्नाचा अपमान.

मी रडले नाही का? रडले की. एकदा त्यांचा जुना व्हॉइस मेसेज वाजला, “येताना कोथिंबीर आणतो, अजून काय?” अंगणवाडीत खिचडी वाढत होते. पोरं बघत राहिली. मदतनीस बाईंनी माझ्या हातातला डाव काढून घेतला. पोरांना भूक होती, खिचडी गार व्हायला नको होती. तो मेसेज मी दुसऱ्या मोबाइलवरही घेऊन ठेवलाय.

आता चालतात. चौपायी काठी घेऊन, उजवा पाय जरा फरपटत, अंगणापर्यंत. शब्द पाच-पंचवीस आलेत, त्यात दोन शिव्या आहेत आणि त्या सगळ्यात स्पष्ट आहेत. पर्यायी कामाचा निर्णय अजून व्हायचाय, वैद्यकीय तपासणी होईल. तोवर घरातली वसुली आणि देणी मी त्यांच्याकडं दिलीत. ते मी दया म्हणून केलेलं नाही. एकदा दूधवाल्याचे पैसे त्यांच्या हातात दिले, तर डाव्या हातानं नोटा मांडीवर दाबून लांबट घड्या घातल्या आणि बोटांच्या बेचक्यांत एकेक बसवल्या, शंभराच्या एका फटीत, पन्नासाच्या दुसऱ्या. नोटा धरायचा हात डावाच असतो कंडक्टरचा. तो तसाच्या तसा शाबूत होता. आकडा तोंडानं सांगता येत नाही, पण सुट्टे बरोबर परत देतात.

परवा महिनाअखेरचा हिशेब होता. दूधवाल्या पोरानं वही पुढं केली, ह्यांनी काठी भिंतीला टेकवली, वहीवर बोट फिरवत खाली गेले आणि एका ओळीवर थांबले.

“चला!” असे ओरडले की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

पोरगं घाबरलं. माझ्याकडं वळून म्हणालं, “काकी, काका काय म्हणत्यात?”

“मला काय विचारतोस? समोर बसलेत की, त्यांना विचार.”

त्यानं वही वळवली आणि बोट होतं तिथं वाकून बघितलं. आम्ही गावाला गेलो होतो त्या दोन दिवसांचं दूध लावलं होतं.